पाचपैकी पाच

"मान मागं टाका. आणखी थोडी. बास."

खांद्यांखाली उशी सरकते, हनुवटी छताकडे जाते आणि गळा ताणून वर येतो. प्रोबच्या टोकावर जेलची पिचकारी. "गार लागेल हं," असं मॅडम म्हणेपर्यंत गार लागून झालेलं असतं. टेबलावरची कॉलेजातली मुलगी दचकते आणि पायाची बोटं आखडून घेते.

मिरजेतलं हे एक सोनोग्राफी सेंटर. मिरजेला दवाखान्यांची वानवा नाही. तिकडे अथणी-कागवाड, इकडे जत-कवठेमहांकाळ, एवढ्या टापूतलं माणूस दुखणं घेऊन इथंच उतरतं. खोलीत पडदे ओढलेले, एसी गरजेपेक्षा गार. दारावर, भिंतीवर आणि मशीनच्या मागे एकच फलक तीनदा लावलेला: येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही. आज मात्र पोटाची सोनोग्राफी एकही नाही. इथल्या रेडिओलॉजिस्ट मॅडम आठवड्यातली एक सकाळ फक्त गळ्यांसाठी ठेवतात, कारण त्या सकाळी शेजारच्या खोलीत पॅथॉलॉजिस्टही बसलेले असतात. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर वही घेऊन बसले आहे. आत येणाऱ्या प्रत्येकाला मॅडम आधी विचारतात, "या लेखिका आहेत, बसल्या तर चालेल ना?" बहुतेक जण मान डोलावतात. एक काका मला शिकाऊ डॉक्टर समजून स्वतःची बीपीची गोळी दाखवून घेतात.

स्क्रीनवर गळा आडव्या छेदात उमटतो. मधोमध श्वासनलिका: वरची कड पांढरी आणि तिच्याखाली नुसता काळोख, कारण हवेतून या ध्वनिलहरी पुढे जातच नाहीत. तिच्या दोन्ही बाजूंना थायरॉईडचे दोन लोब. त्यांच्या बाहेर कॅरोटिड धमनी, काळी, गोल, ठोक्याठोक्याला फुगणारी. सगळ्यांच्या वर मानेचे पातळ स्नायू. निरोगी थायरॉईड या स्नायूंपेक्षा उजळ दिसतं. त्याच्या आत कोलॉइडनं भरलेल्या असंख्य सूक्ष्म पिशव्या असतात आणि त्यांच्या भिंतींवरून आवाज परत येत राहतो. पेशींची दाटी होऊन या पिशव्या जिथे नाहीशा होतात, तिथून कमी आवाज परततो आणि तो भाग स्क्रीनवर काळा पडतो. ही एवढी गोष्ट डोक्यात ठेवली की पुढचं बरंच काही माझ्यासारखीलाही दिसू लागतं.

या मुलीच्या उजव्या लोबमध्ये गाठ आहे, पण तिच्यात काळं भरीव असं काही नाही. बारीक बारीक पोकळ्यांची जाळी आणि त्यात मधूनच एखादा पांढरा ठिपका, मागे शेपूट असलेला. "कोलॉइड," मॅडम म्हणतात. शेपूट दिसली की त्यांचा आवाज सैल होतो. ही स्पंजासारखी गाठ, हिला सुई नको, औषध नको. मुलीची आई दोनदा विचारते, "म्हणजे काहीच नाही?" "गाठ आहे. तिच्यात काही नाही." पाच मिनिटांत दोघी बाहेर.

पुढच्या मावशी मंडईत भाजी विकतात. वय अठ्ठेचाळीस. आत आल्या आल्या चप्पल कुठं काढू म्हणून विचारतात. मंगळसूत्र काढायला सांगितल्यावर थबकतात, मग ते सुनेच्या हातात देतात आणि लगेच म्हणतात, "तिथंच हुबी ऱ्हा." गळ्याला काही दुखत नाही, गिळायला त्रास नाही, वजन उतरलेलं नाही. सुनेनंच बघितलं: सासूबाई पाणी पिताना गळ्यात काहीतरी वरखाली होत होतं.

"मावशी, गिळा बघू."

स्क्रीनवर सगळं एकदम वर उचललं जातं आणि खाली येतं. डाव्या लोबमध्ये एक काळा डाग त्याच्याबरोबर वर येतो. मॅडमचा हात थांबतो. प्रोब किंचित तिरपा होतो, सरळ होतो, मग उभा धरला जातो. खोलीत आता फक्त मशीनचा पंखा ऐकू येतो.

माझं लक्ष स्क्रीनकडे आहे आणि सुनेचं लक्ष मॅडमच्या चेहऱ्याकडे. या खोलीत येणारे नातेवाईक स्क्रीन बघतच नाहीत, हे माझ्या लक्षात येऊ लागलं आहे. त्यांच्यासाठी रिपोर्ट मॅडमच्या कपाळावर लिहिलेला असतो, आणि मॅडमनाही ते पक्कं ठाऊक आहे. म्हणून काळं काही दिसलं की त्या हटकून बोलायला लागतात.

"मंडईत कुठं बसता?"

"गेटाजवळच. मेथी, कोथमीर, पालक. पालेभाजीच निस्ती."

बोलता बोलता मापं घेतली जातात. उंची चौदा मिलिमीटर, रुंदी दहा. मग मॅडम कॉम्प्युटरवर बसलेल्या मुलीला एका सुरात सांगू लागतात आणि ती टाइप करू लागते. गाठ भरीव: दोन. आजूबाजूच्या स्नायूंपेक्षाही काळी: तीन. रुंदीपेक्षा उंची जास्त: तीन. कड सरळ नाही, खाचाखोचांची: दोन. आत पांढरे बारीक कण: तीन.

हे कण मला आधी दिसत नाहीत. मॅडम चित्र गोठवून बोट ठेवतात, तेव्हा काळ्या डागात खसखस सांडल्यासारखे ते दिसू लागतात. मघाच्या मुलीच्या ठिपक्यांना शेपूट होती, यांना नाही. मागे सावलीही नाही, इतके हे कण लहान. पॅपिलरी प्रकारच्या कॅन्सरमध्ये मरून गेलेल्या पेशींभोवती कॅल्शियमचे थर चढत जातात, ते हे. आणि उंचीचं कारण असं की निरुपद्रवी गाठ बहुधा ग्रंथीच्या थरांच्या कलानं पसरते, त्यामुळे आडवी राहते. थर ओलांडून वाढणारी गाठ उभी होते.

बेरीज तेरा. अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांच्या संस्थेनं 2017 मध्ये हे गुणांकन छापलं, त्याला सगळे टायरॅड्स म्हणतात. सात किंवा त्याहून जास्त गुण झाले की गाठ पाचव्या, म्हणजे शेवटच्या गटात जाते. पाचव्या गटातली गाठ एक सेंटिमीटर किंवा मोठी असेल तर सुई घालायची. तिसऱ्या गटातली असेल तर अडीच सेंटिमीटरपर्यंत थांबायचं. संशय जितका कमी, तितकी मोठी गाठ होईपर्यंत सुईला आवर घालायचा, असा हा हिशेब.

पण मॅडमचं काम इथं संपलेलं नाही. माझ्या मते खरं काम आता सुरू होतं. प्रोब गाठीवरून निघतो आणि मानेच्या कडेनं हळूहळू कानाखालपर्यंत जातो, पुन्हा खाली गळपट्टीच्या हाडापर्यंत येतो. मग दुसरी बाजू. मानेतल्या लसिकाग्रंथी एकेक करून तपासल्या जातात. सरळमार्गी ग्रंथी लांबट असते आणि तिच्या पोटात चरबीची पांढरी रेघ असते. डाव्या बाजूला, धमनीच्या बाहेरच्या अंगाला, एक ग्रंथी गोल दिसते. रेघ नाही. एका कोपऱ्यात पाण्याचा काळा थेंब.

"हिलापण सुई लागेल," मॅडम हळूच म्हणतात, आणि पुन्हा गाठीकडे येतात. आता बघायच्या आहेत तीन जागा. पुढची कड: ग्रंथीच्या आवरणाची पांढरी रेघ अखंड आहे की गाठ स्नायूत शिरली आहे? मागची बाजू: श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्या खोबणीतून आवाजाची नस जाते, तिच्या आणि गाठीच्या मध्ये निरोगी ग्रंथीचा पट्टा शिल्लक आहे का? आणि श्वासनलिका: गाठ तिला टेकली आहे का, टेकली असली तर कोणत्या कोनात? मावशींच्या बाबतीत पुढची रेघ शाबूत आहे. नसेच्या बाजूला चांगला पट्टा आहे. श्वासनलिका दूर आहे.

पंधरा मिनिटांनी पॅथॉलॉजिस्ट सुई घेऊन येतात. सुई बारीक, रक्त काढायच्या सुईहूनही. स्क्रीनवर ती तिरपी पांढरी रेघ होऊन काळ्या डागात शिरते, दोनचारदा पुढेमागे होते, बाहेर येते. काचेच्या पट्ट्यांवर थेंब पसरले जातात, काही वाळत ठेवले जातात, काही अल्कोहोलमध्ये बुडतात. मग ग्रंथीत सुई. ती सुई थोड्याशा सलाईननं धुऊन ते पाणी वेगळ्या नळीत भरलं जातं. त्यात थायरोग्लोब्युलिन सापडलं, तर थायरॉईडच्या पेशी तिथवर पोचल्याचा पुरावा. मावशी डोळे घट्ट मिटून घेतात, पण हूं की चूं करत नाहीत.

"झालं मावशी."

"कॅन्सर हाय न्हवं?"

सून मंगळसूत्र मुठीत आवळते. मॅडम लगेच हो म्हणत नाहीत आणि नाहीही म्हणत नाहीत. प्रोब पुसून ठेवतात, खुर्ची वळवतात. "मला संशय आहे. नक्की काय ते पट्ट्या बघून कळेल. आणि असला, तरी हा सगळ्यात मवाळ जातीचा असायची शक्यता जास्त. ऑपरेशन लागेल. गोळी रोज लागेल. पण तुम्ही मंडईत परत बसणार."

"आवाज जातोय म्हणत्यात. माझा धंदाच वरडायचा हाय ओ."

गळ्याच्या ऑपरेशनाआधी सर्जन स्वरयंत्र दुर्बिणीनं बघतात, आवाजाची नस गाठीपासून लांब आहे, असं मॅडम समजावतात. मावशींना त्यातलं 'लांब आहे' एवढंच ऐकू येतं. त्या उठून मंगळसूत्र घालतात आणि सुनेला म्हणतात, "चल, ऊन व्हायच्या आत."

त्या गेल्यावर मी विचारते, की तेरा गुण, वर मानेत गेलेली ग्रंथी, आणि तुम्ही 'मंडईत परत बसणार' म्हणालात. धीर देण्यासाठी?

"धीर नव्हे. वय." मॅडम स्वतःच्या चहाकडे बघतात, त्याच्यावर साय धरली आहे. "हे गुण गाठ कसली आहे ते सांगतात. पुढं काय होणार, हे त्यातले निम्मे सांगतच नाहीत."

यातच आजची सगळी सकाळ आहे. पॅपिलरी आणि फॉलिक्युलर कॅन्सरची स्टेज ठरवताना वय विचारलं जातं. बाकी अवयवांच्या कॅन्सरमध्ये हे फारसं ऐकायला मिळत नाही. स्टेज ठरवायच्या नियमांच्या, 2018 पासून लागू झालेल्या आठव्या आवृत्तीत वयाची रेषा पंचेचाळीसवरून पंचावन्नवर सरकली. पंचावन्नच्या आतलं माणूस असेल आणि रोग फुफ्फुस-हाडापर्यंत गेलेला नसेल, तर गाठ केवढीही असो, मानेच्या ग्रंथीत गेलेली असो, स्टेज एक. दूर गेलेला असला तरी स्टेज दोन, त्यापुढे नाहीच. मावशींच्या मानेतल्या ग्रंथीमुळे ऑपरेशन मोठं होईल, किरणोत्सर्गी आयोडीनचा डोस लागेल, आणि रोग मानेत परत डोकावण्याची शक्यता वाढेल. जीव जाण्याची शक्यता त्या प्रमाणात वाढत नाही. खसखशीचे कण निदानाला तीन गुण देतात, पण त्या कणांनी आयुष्य किती कमी होतं, असं विचारलं तर उत्तर जवळजवळ रिकामं आहे. उलट आवरणाची ती अखंड रेघ निदानात फारशी मोलाची वाटत नाही. भवितव्यात ती खूप बोलते.

बाहेर थोडी वादावादी ऐकू येते. एक सद्गृहस्थ, सहासष्ट वर्षांचे, निवृत्त बँक मॅनेजर. त्यांच्यासोबत मुलगा, कानात इअरफोन, हातात दुसऱ्या सेंटरचा रिपोर्ट. वडिलांना चक्कर आली म्हणून मानेच्या धमन्यांचा डॉपलर काढला होता. धमन्या ठीक निघाल्या, पण थायरॉईडमध्ये सहा मिलिमीटरची गाठ सापडली. रिपोर्टाच्या शेवटी ठळक अक्षरांत टायरॅड्स फाइव्ह.

"मॅडम, पाचवी स्टेज आहे," मुलगा दबक्या आवाजात म्हणतो, वडिलांना ऐकू जाऊ नये म्हणून. वडील सगळं ऐकत टेबलावर चढतात.

"स्टेज चारच असतात," मॅडम म्हणतात. "हा संशयाचा आकडा आहे. पाचपैकी पाच संशय."

एवढं वाक्य त्या रिपोर्टावर मराठीत कुणी लिहिलं असतं, तर या माणसाच्या आठ रात्री वाचल्या असत्या. इंग्रजीतला आकडा हातात द्यायचा आणि त्याचा अर्थ मोबाइलवर शोधायला माणसाला एकटं सोडायचं, ही पद्धत मला क्रूर वाटते. रिपोर्ट डॉक्टरांसाठी असतो हे खरं. पण लिफाफा पेशंटच्या हातात देतात आणि तो जिन्यातच फोडला जातो.

मॅडम स्वतः पुन्हा बघतात. गाठ खरंच आहे, काळी, थोडी उभट. सहा मिलिमीटर. चोहोबाजूंनी निरोगी ग्रंथी. मानेच्या ग्रंथी लांबट, आपापल्या पांढऱ्या रेघांसकट. मुलाला आजच सुई हवी आहे, जमलं तर उद्या ऑपरेशन. मॅडम नाही म्हणतात. एका सेंटिमीटरच्या आत सुई नाही. वर्षानं सोनोग्राफी.

"आणि वर्षात पसरलं तर?"

मग जपानची गोष्ट निघते. मॅडमनी ती अनेकदा सांगितली असावी, आकडे तोंडावर आहेत. कोबे शहरातलं कुमा हॉस्पिटल. तिथल्या अकिरा मियाउची या सर्जननी 1993 मध्ये सुचवलं की सुईनं कॅन्सर ठरलेल्या, पण एक सेंटिमीटरच्या आतल्या आणि जोखमीच्या जागी नसलेल्या गाठी लगेच कापू नका, नुसत्या बघत राहा. कॅन्सर आहे हे माहीत असताना बघत राहायचं! 2014 मध्ये त्यांनी 1,235 जणांचा हिशेब मांडला. दहा वर्षांत गाठ तीन मिलिमीटरनं वाढलेले आठ टक्के. मानेच्या ग्रंथीत नव्यानं गेलेले चार टक्क्यांच्या आत. थायरॉईडच्या कॅन्सरनं मेलेला एकही नाही.

"आणि सगळ्यात कमी कुणाच्या गाठी वाढल्या? साठीच्या पुढच्यांच्या."

इथं मी वही खाली ठेवते. मघाशी वय वाढलं की भवितव्य बिघडतं असं लिहून घेतलं आणि आता नेमकं उलट? पण दोन्ही खरं आहे. मोठा, आवरण फोडून निघालेला रोग म्हातारपणी जास्त घातक. आणि सहा मिलिमीटरचा, सहज सापडलेला ठिपका म्हातारपणी जास्त आळशी. टोकियोतल्या निरीक्षणांत तर आणखी गंमत दिसली: ज्या लहान गाठींत कॅल्शियम भक्कम साचलं होतं आणि रक्तपुरवठा कमी होता, त्या गपगार राहण्याकडे कल होता. म्हणजे गाठीतलं कॅल्शियम एका प्रश्नाला घाबरवणारं उत्तर देतं, दुसऱ्याला दिलासा देणारं.

बँक मॅनेजर आडवे असताना पहिल्यांदा बोलतात. "म्हणजे अशी गाठ कितीतरी लोकांत असेल आणि त्यांना पत्ताही नसेल."

फिनलंडमध्ये 1985 साली नेमकं हेच दिसलं होतं. इतर कारणांनी मरण पावलेल्या 101 जणांची थायरॉईड बारीक चिरून पाहिली, तेव्हा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त लोकांत पॅपिलरी कॅन्सरचे सूक्ष्म ठिपके सापडले. दक्षिण कोरियात आरोग्य तपासणीच्या पॅकेजात गळ्याची सोनोग्राफी आली आणि 2011 पर्यंत थायरॉईड कॅन्सरचं प्रमाण 1993 च्या पंधरा पट झालं. मृत्यूंचा आकडा होता तिथंच राहिला. हजारो लोकांच्या गळ्यावर व्रण आले, रोजच्या गोळ्या आल्या, काहींचा आवाज बसला, काहींचं कॅल्शियम कायमचं उतरलं. यातलं निम्मंच मॅडम बोलतात, बाकी माझ्या वाचनातलं.

मुलगा अजून साशंक आहे. वडील जेल पुसत उठतात. "वर्षानं येतो. आणि तू तो मोबाइल जरा बाजूला ठेव."

बारा वाजता रांग मोडून एक आजोबा आत आणले जातात. अथणीकडचे. दोन मुलगे, दोघांच्या खांद्यांवर आजोबांचे हात. वय सत्तरीच्या पुढे. गळ्यासमोर मुठीएवढा फुगवटा, आणि श्वास घेताना शीळ वाजल्यासारखा आवाज. त्यांना सपाट झोपवतच नाही. मॅडम उशा चढवून अर्धं बसवतात आणि कानडीत म्हणतात, "नुंग्री." आजोबा गिळतात. फुगवटा जागचा हलत नाही.

किती दिवसांपासून? मुलगे एकमेकांकडे बघतात. दिवाळीनंतर, महिना-दीड महिना. जुनी गलगंडाची गाठ वीस वर्षं तशीच होती, आता एकदम वाढली. आवाज गेल्या पंधरवड्यात बसला.

स्क्रीनवर जे दिसतं, त्याला मी गाठ म्हणू शकत नाही. काळं, पसरट, कडा नसलेलं काहीतरी श्वासनलिकेला एका बाजूला ढकलून बसलं आहे. पुढची पांढरी रेघ शोधूनही सापडत नाही. गळ्याची शीर चेपलेली. इथं मॅडम गुण सांगत नाहीत आणि टाइप करणारी मुलगीही विचारत नाही. मघाच्या मावशींची गाठ आणि हे, दोन्ही टायरॅड्स पाचच. तिथं चौदा मिलिमीटर आणि बरीच वर्षं, इथं कदाचित काही महिने. अॅनाप्लास्टिक, म्हणजे सगळ्यात आक्रमक जातीचा कॅन्सर असेल, तर स्टेज चार धरूनच सुरुवात होते.

मॅडम मुलग्यांना बाहेर नेतात, पण दार अर्धवट उघडं राहतं. बारीक सुई पुरणार नाही, जाड सुईनं तुकडा घ्यायचा, आजच. "लिंफोमा निघाला तर देव पावला म्हणायचं." लिंफोमाही असाच झपाट्यानं वाढतो, असाच काळा दिसतो, पण औषधांनी तो विरघळतो. तुकड्यावर ब्रॅफ नावाच्या जनुकातल्या बदलाची तपासणीही करायला सांगतात. तो बदल सापडला तर त्यावर चालणाऱ्या गोळ्या आता आहेत. आणि त्याआधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना फोन, कारण सगळ्यात पहिला प्रश्न श्वासाचा आहे. कदाचित रात्रीतच गळ्याला छिद्र पाडून नळी बसवावी लागेल. मॅडमचं बोलणं भराभर, एकापुढे एक कामं. मोठा मुलगा मराठीत विचारतो, "औषध हाय ना?" आणि मॅडम म्हणतात, "आधी श्वास मोकळा करू." त्या खोटं बोलत नाहीत. पण पूर्ण उत्तरही देत नाहीत, आणि आत्ता, व्हीलचेअर लिफ्टपाशी थांबलेली असताना, ते द्यावं असं मलाही वाटत नाही.

त्यानंतर अर्धा तास कुणी चहाचं नाव काढत नाही.

यादीतलं शेवटचं नाव एका सत्तावीस वर्षांच्या मुलीचं. पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. गळ्याच्या खालच्या घडीत आडवा व्रण, नीट बघितल्याशिवाय न दिसणारा. पाच वर्षांपूर्वी तिच्या मानेत दोन्ही बाजूंना गाठी होत्या. संपूर्ण थायरॉईड काढलं, मानेच्या ग्रंथी काढल्या, मग परळला भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये किरणोत्सर्गी आयोडीनचा डोस. तिथल्या वेगळ्या खोलीतल्या मुक्कामाबद्दल ती एकच सांगते: "आयुष्यात पहिल्यांदा आईनं खिडकीतून आत डोकावलं नाही." आई खुर्चीत बसलेली आहे. हसत नाही.

स्क्रीनवर आता मध्ये श्वासनलिका आणि दोन्ही बाजूंना थायरॉईडच नाही. रिकाम्या जागेत धमन्या आतल्या बाजूला सरकून आल्या आहेत. मॅडम तीच जागा बोटाबोटानं पिंजून काढतात. एक चार मिलिमीटरची ग्रंथी सापडते, लांबट, पांढरी रेघ शाबूत, गेल्या वर्षीच्या चित्रात होती तेवढीच. रक्तातलं थायरोग्लोब्युलिन मोजता न येण्याइतकं कमी. दोन्ही बाजूंच्या गाठी घेऊन बाविसाव्या वर्षी आलेली ही मुलगी तेव्हाही स्टेज एकच होती. हे तिच्या आईला पाच वर्षांत कितीतरी जणांनी सांगितलं असेल. तरी आई पर्समधून एक कागद काढते. विवाह मंडळाचा बायोडाटा. उंची, रास, गोत्र, पगार.

"हे यात लिहायचं की नाही? मुलाकडचे उद्या म्हणाले, लपवलं, तर?"

मॅडम बायोडाटा हातात घेऊन खरोखर वाचतात. रेडिओलॉजीच्या पुस्तकात याचं उत्तर नसणार. "लिहायचं की सांगायचं हे तुम्ही ठरवा. पण सांगताना 'थायरॉईडचा प्रॉब्लेम होता' असं गुळमुळीत नको. काय होतं, कधी झालं, आता काय आहे, ते सरळ सांगा."

"मुलंबाळं?"

"आयोडीन घेऊन पाच वर्षं झाली. सहा महिने ते वर्ष थांबायला सांगतात, ते कधीच मागे पडलं. दिवस राहिले की गोळीचा डोस वाढवावा लागतो, तेव्हा एंडोक्रायनॉलॉजिस्टना लगेच फोन करायचा. बाकी चारचौघींसारखंच."

"आई, त्यात तू माझी उंची दोन इंचांनी वाढवलीयेस," मुलगी जेल पुसता पुसता म्हणते. "ते आधी खोड, मग कॅन्सरचं बघू."

आता आई हसते. पण कागद परत घेताना तिची नजर प्रिंटरकडे आहे. रिपोर्ट बाहेर येतो, दोन पानं, सगळा इंग्रजीत. ती तो उलटसुलट करते आणि मॅडमकडे बघते. मॅडम पेन काढतात, सहीच्या वर जागा शोधतात आणि मराठीत लिहितात: गाठ परत आलेली नाही. मानेच्या ग्रंथी ठीक. पुढची सोनोग्राफी वर्षाने.

आई तिथंच उभी राहून त्या ओळींचा फोटो काढते आणि कोल्हापूरच्या मावशीला पाठवते. जिना उतरण्याआधीच मावशीचा फोन येतो.